जावईबापूंची मध्यस्थी

ऐका, आणि मधेच "छे, असं कुठं असतं" म्हणायचं नाही. यातला शब्दन् शब्द खरा आहे. शपथ घेऊ नये असं आपल्या पुस्तकात लिहिलंय, मला ठाऊक आहे, तरी घेते. यातलं एक अक्षर जरी खोटं निघालं, तर माझे उरलेले दोन दात उद्याच्या जेवणाआधी पडू देत. आणि त्या दातांवर माझा किती जीव आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

तर एक बाई होती. तिला सगळे घाईबाई म्हणायचे. चूल पेटायच्या आत भांडं वर चढवणारी, पाहुणा बसायच्या आत "परत कधी येणार" म्हणून विचारणारी. चर्चमध्ये प्रार्थना संपायच्या आत हिचं आमेन झालेलं असायचं. पाळक एकदा तिला म्हणाले, "बाई, मला निदान वाक्य तरी पुरं करू देत जा."

नवरा अगदी उलटा. त्याचं नाव पडलं होतं खांब. दिवसभरात बोललेले त्याचे शब्द एका ओंजळीत मावले असते, आणि वर जागा उरली असती. थोरल्या मुली लग्न होऊन गेल्या होत्या. घरी होती ती धाकटी, आणि बहिणींच्या वाटणीचं बोलणं जाताना त्या हिच्याकडंच ठेवून गेल्या होत्या.

यांच्या रानाला लागून किरकिऱ्याचं रान. ऊन पडलं तरी किरकिर, सावली पडली तरी किरकिर. तो यांच्या चर्चचा नव्हता, त्याचं देवाशी काय होतं ते त्याचं त्याला माहीत. पण एके काळी तो आणि खांब एकमेकांच्या खळ्यावर बिनबोलावता राबायचे. मग बांध सरकला की नाही सरकला, एवढ्यावरून वाजलं. खांब काही बोलला नाही. त्यानं फावडं घेतलं आणि बांधाला लागून, आपल्या बाजूनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत चर खणला. पुन्हा वादच नको म्हणून. आणि चर असा खोल, की सकाळी आत हाक मारली तर दुपारच्या जेवणाला उत्तर यायचं.

त्याच चरात किरकिऱ्याच्या बैलाचा पाय गेला. मोडला. बैल वाचला, पण पट्ट्या बांधून गोठ्यात तीन पायांवर उभा राहिला. किरकिऱ्या बांधावर येऊन मोठ्यानं म्हणाला, "या घराच्या माणसाशी पुन्हा बोललो तर माझी जीभ झडू दे." खांब नेहमीसारखा उभा होता, खांबासारखा. त्या दिवशी तो जेवला नाही. पण ते बांधापलीकडं कसं कळणार?

आणि त्याच उन्हाळ्यात यांचा एक बैल पोट फुगून गेला. म्हणजे बघा, बांधाच्या अलीकडं एक बैल, पलीकडं एक बैल, आणि मधे चर.

मग पाऊस झाला, चांगला झाला. पाऊस उघडला आणि जमीन अशी झाली की मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि सोडली तर भुगा व्हावा. नांगरायला याहून चांगली वेळ नाही. पण कोरडा वारा सुटला. अशी जमीन फार दिवस थांबत नाही. वरून कवच धरलं की नांगराचा फाळ नुसता ओरखडे काढतो, मग पेरायचं कशात? आणि पेरलं नाही तर वर्षभर खायचं काय? सगळ्या गावाचे बैल रानात होते. मागायचे कुणाकडं?

त्या रविवारी पाळकांनी सांगितलं, "जो आपल्याला आवडतो त्याच्यावर प्रेम करायला प्रभूची काय गरज? ते तर मांजरही करतं. ज्याचं नाव काढलं की घास अडकतो, तिथून सुरुवात करा. आणि तोंडानं नको, हातानं."

घाईबाई म्हणाली, "आमेन." आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण कशाला आमेन म्हटलं.

घरी येईपर्यंत वाटेनं तिची देवाशी घासाघीस चालू होती. प्रभू, दुसरा कोणी सुचव. तो वजनात मारणारा फेरीवाला चालेल. माझी मोठी नणंदसुद्धा चालेल, बघ, इथवर आले मी. पण घशात जो अडकत होता तो किरकिऱ्याच होता, आणि गिळायला गेलं तरी खाली जात नव्हता.

दारात आल्या आल्या ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, उद्या आपला बैल त्यांच्याकडं नेते. त्यांचा एक, आपला एक. आधी त्यांचं रान नांगरून होऊ दे."

खांब दोर वळत होता. "आधी त्याचं?"

"आधी त्यांचं."

"वारा सुटलाय."

"दिसतोय मला."

त्यानं दोराला आणखी एक पीळ दिला, जरा जास्तच घट्ट. पण नको म्हणाला नाही. धाकटी मात्र म्हणाली, "आई, तुला प्रेम करायचंय तर कर ना. त्यात बैलाला कशाला ओढतेस?"

"माझ्याकडं द्यायला दुसरं आहे काय? तुला देऊ?"

"मला ते परत पाठवतील," धाकटी म्हणाली.

यांच्या बैलाचं नाव जावईबापू. खाण्यात काटेकोर, चालण्यात रुबाब, आणि रुसला की ढिम्म. पेंड ओली झाली तर तोंड फिरवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी घाईबाई त्याला घेऊन, मधे चर म्हणून ओढा ओलांडून जाणाऱ्या लांबच्या वाटेनं, किरकिऱ्याच्या दारात उभी राहिली. त्याची म्हातारी आई पायरीवर शेंगा सोलत होती. किरकिऱ्या बाहेर आला. त्यानं बाईकडं पाहिलंच नाही. तो बैलाला म्हणाला, "जावईबापू, सकाळी सकाळी इकडं कुठं?"

घाईबाई बोलून मोकळी झाली. "तुमचं आधी नांगरून घ्या. आमचं मग बघू."

किरकिऱ्या बैलाच्या कानाशी वाकला. "यात डाव काय आहे ते जरा विचारून सांगा."

"डाव नाही. पाळकांनी सांगितलंय."

"जावईबापू, आम्हाला नाही कुणी सांगितलं."

"तुम्हाला कशाला सांगतील? काम माझ्याकडं आहे."

म्हातारी म्हणाली, "अरे, बैल आपल्या पायांनी दारात आलाय. त्याची उलटतपासणी कसली घेतोस?"

तरी त्यानं घेतलीच. दात पाहिले, खूर उचलून पाहिले, शेपूट वर करून पाहिलं, चोरीचा माल तपासावा तसं. घाईबाई कासरा धरून उभी राहिली. वाटेनं जाणारे थांबून बघायला लागले. तिच्या जिभेवर उत्तरं अशी गोळा झाली होती की गाल फुगले. पण ती गप्प राहिली. नांगरटीतलं सगळ्यात अवजड काम तिनं तिथंच केलं म्हणायचं.

मग दोन्ही बैल रानात नेले. किरकिऱ्याच्या बैलाचं नाव साहेब. साहेब डावीकडं जाऊन उभा राहिला. जू ठेवायला म्हणून जावईबापूला आणला, तर तोही वळसा घालून साहेबाच्या डावीकडं जाऊन उभा राहिला. लगेच साहेब त्याच्याही डावीकडं. असं करत करत दोघं बाभळीपर्यंत पोचले, आणि बाभळ हलत नाही म्हटल्यावर थांबले.

तेव्हा कुठं सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. मेला तो आणि मोडला तो, दोन्ही बैल उजवीकडचे. उरलेले दोन्ही डावे. जन्मभर एका बाजूला चाललेले. एक आणि एक म्हणजे जोडी, एवढाच हिशोब या दोन घरांनी केला होता. शेतात हाडं झिजवलेली माणसं, पण एकाच्याही मनात आलं नाही. रस्त्यावरचा पोस्टमन इतका हसला की सायकलीसकट बांधावर आडवा झाला.

किरकिऱ्याचा चेहरा काळवंडला. "जावईबापू, साहेब काही बाजू सोडणार नाही. असे दोघं उभे राहणार असतील तर घरी जा म्हणावं."

घाईबाई म्हणाली, "आमचे जातील उजवीकडं. पाहुणे आहेत, त्यांनीच सांभाळून घ्यावं."

जू चढलं. जावईबापू उजवीकडं उभा राहिला आणि मग रुसला. जागचा हलेना. काठी दाखवली, पेंड दाखवली, काही नाही. घाईबाई त्याच्या डोळ्यांकडं बघत राहिली. मग तिला कळलं. याच्या उजव्या कुशीला जन्मभर कुणाचा तरी श्वास लागायचा. आता तिथं नुसता वारा. कसा चालेल?

ती त्याच्या उजव्या अंगाला गेली, खांदा त्याच्या खांद्याला लावला, मानेवर हात टाकला आणि म्हणाली, "चला, जावईबापू. मी आहे."

आणि तो चालला.

पण त्याला हवी होती ती सोबत क्षणभराची नव्हती. ती बाजूला झाली की तो थांबे. मग काय, नांगराच्या मुठीवर किरकिऱ्या, डावीकडं साहेब, मधे जावईबापू आणि पलीकडं घाईबाई. तो तासातून, म्हणजे नांगरानं पाडलेल्या सरीतून चालणार, आणि ती नुकत्याच पलटलेल्या ढेकळांवरून, अनवाणी. ढेकूळ पायाखाली फुटायचं, घोटा मुरडायचा, मातीतली मुळं बोटांच्या मधे शिरायची. दुपारपर्यंत तिच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. अंगाला बैलाचा असा वास लागला की घरची कोंबडी तिला बघून गोठ्यात पळाली.

दुपारी किरकिऱ्या एका झाडाखाली बसला आणि ती दुसऱ्या. मधे बैल. म्हातारीनं घरून पाणी पाठवलं होतं. किरकिऱ्यानं तांब्या भरला, बैलापुढं ठेवला आणि आभाळाकडं बघत म्हणाला, "जावईबापू, कुणाला तहान असेल तर."

घाईबाईनं अर्धं पाणी पिऊन अर्धं जावईबापूला पाजलं. उगीच त्याच्या नावावर घेतलं असं व्हायला नको.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बैलाला म्हणाला, "तुमच्या बाईंना सांगा, पायात काहीतरी घाला."

"जावईबापू, त्यांना सांगा, ढेकळात चपला राहत नाहीत."

किरकिऱ्यानं नांगर थांबवला, घरी गेला आणि आपले बूट घेऊन आला. बैलाच्या पुढ्यात ठेवले. "हे कुणाला झाले तर बघा."

ते बूट एवढे मोठे की एकात तिचे दोन्ही पाय बसले असते. तिनं गवत कोंबलं आणि बदकासारखी फताक फताक चालायला लागली. मागून खुसखुस आली. तिनं वळून पाहिलं तर किरकिऱ्या खोकत होता. साहेबानंही वळून पाहिलं. त्यानं मालकाचा हा आवाज पूर्वी ऐकलेला नव्हता.

बूट पायात आल्यावर घाईबाईला बोलायला धीर आला. ती बैलाच्या मानेवर हात ठेवून म्हणाली, "जावईबापू, एक सांगायचं होतं. त्या चरात पाय मोडला ना बिचाऱ्याचा, ते आमच्या घरात कुणालाच गोड लागलं नाही. आमच्या माणसानं त्या दिवशी अन्नाला हात लावला नाही. त्यांना बोलता येत नाही एवढंच. मी तरी यायला हवं होतं. नाही आले. चुकलं माझं."

 आख्खं तास संपलं, नांगर वळला, पुढचं तास सुरू झालं. मग मागून आवाज आला. "जावईबापू, हे जेवणाचं आम्हाला ठाऊक नव्हतं, असं सांगा."

"सांगतील ते," ती म्हणाली.

रोज घरी गेली की खांब बाहेर उभा असायचा. आपल्या रानातली मूठभर माती उचलायचा, दाबायचा आणि सोडायचा. गोळा रोज थोडा लवकर फुटायचा. तो बायकोला काही बोलत नसे. पाणी गरम करून ठेवायचा, तिच्या पायांसाठी.

अखेर किरकिऱ्याचं रान संपलं. त्या संध्याकाळी जावईबापू इतका थकला होता की लांबच्या वाटेनं परत आणायचा म्हणजे पाप. घाईबाईनं त्याला तिथंच गोठ्यात, तीन पायांवरच्या बैलाच्या शेजारी बांधला. उद्या आमच्या रानात या, असं ती कुणालाही म्हणाली नाही. ठरलंच नव्हतं तसं. किरकिऱ्याही काही म्हणाला नाही. बैलालासुद्धा नाही.

घरी धाकटी म्हणाली, "म्हणजे रान त्यांचं झालं, आणि बैलही त्यांच्याकडं. आई, तुझं प्रेम फारच पुढं गेलं."

रात्रीतून वर कुठंतरी पाऊस झाला. इथं थेंब नाही, पण सकाळी बघतात तर ओढा दोन्ही काठ धरून वाहत होता. लांबची वाट बंद. वारा मात्र तसाच. ऊन वर आलं तरी पलीकडून कुणी येईना. खांबानं माती उचलली, दाबली, आणि यावेळी गोळा झालाच नाही. त्यानं हात झटकले.

"आज नाही तर नाही," तो म्हणाला. एवढंच. पण घाईबाईला रडू फुटायचं बाकी होतं. प्रभू, मी तुझं ऐकलं, आता माझ्या माणसाला खायला काय घालू?

इतक्यात धाकटी ओरडली, "अहो बाबा, बांधावर बघा."

चराच्या पलीकडं किरकिऱ्या उभा होता. खांद्यावर फावडं, पायात ते बूट, मागं झाडाला साहेब आणि जावईबापू बांधलेले. यांचे डोळे ओढ्याकडं, आणि तो इथं उजाडल्यापासून उभा होता. तिन्हीजण धावत गेले तेव्हा उलगडा झाला. ओढ्याची वाट बंद, म्हणून तो बैलांना चरातून उतरवून आणायला गेला. जावईबापू उतरायला तयार. पण साहेबानं त्या चरात आपल्या जोडीदाराला पडताना पाहिलं होतं. तो काठावर आला की थरथरायचा, आणि मागं फिरायचा. चर बुजवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि चर होता खांबाच्या जमिनीत. दुसऱ्याच्या जमिनीला विचारल्याशिवाय फावडं लावायचं नाही, आणि त्या घराशी बोलायचंही नाही. असा तो रीत आणि शपथ यांच्या मधे सकाळभर उभा. एका शब्दाचं काम होतं.

खांब अलीकडच्या काठावर येऊन उभा राहिला. दोघं एकमेकांच्या मागच्या झाडांकडं बघत होते.

किरकिऱ्या घसा खाकरून बैलाला म्हणाला, "जावईबापू, तुमच्या मालकांना विचारा. हा चर बुजवला तर चालेल का?"

 घाईबाईनं तोंडावर हात दाबून धरला होता. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणाच्या आधी आमेन म्हणायचं नव्हतं.

आणि जावईबापूंनी मान हलवली. खाली, वर, पुन्हा खाली. अगदी सावकाश.

बस. किरकिऱ्यानं पलीकडून पहिलं फावडं टाकलं. खांब घरी गेला, फावडं घेऊन आला आणि अलीकडून टाकायला लागला. धाकटीनं घमेलं उचललं, घाईबाईनं हातानंच माती लोटली. म्हातारीसुद्धा काठी टेकत आली आणि ढेकळं पायानं ढकलायला लागली, वर म्हणाली, "खणताना एवढं खोल खणावं का रे कुणी, विहीर होती काय?" दोघं पुरुष समोरासमोर घाम गाळत होते. माती टाकता टाकता त्यांची फावडी एकमेकांवर आपटली, खण्ण करून. दोघांनीही एकदम फावडं मागं घेतलं. मग दोघांनीही एकदम पुढं टाकलं.

ऊन उतरायच्या आत साहेबाला जाता येईल एवढी वाट झाली. माती पायानं दाबून घट्ट केली. साहेब काठापर्यंत आला, थांबला, फुरफुरला. खांब पुढं झाला. त्यानं साहेबाच्या कपाळावर हात ठेवला आणि उलट्या पावलांनी, त्याच्याकडं तोंड करून, एकेक पाऊल मागं घेत चालला. साहेबानं खूर टाकला. माती धरली. दुसरा टाकला.

पलीकडचा बैल अलीकडं आला.

किरकिऱ्या मागून आला, फावडं टेकवलं, तोंडावरचा घाम पुसला आणि सरळ घाईबाईकडं बघून म्हणाला, "वहिनी, जरा पाणी द्या."

घाईबाई, जी पाहुणा दारात यायच्या आत तांब्या भरायची, ती तिथंच उभी राहिली. शेवटी धाकटीच पळाली. किरकिऱ्यानं पाणी पिऊन तांब्या परत केला आणि जीभ दातांवरून फिरवून पाहिली. जागेवर होती.

"कोमट आहे," तो म्हणाला. म्हणजे तो पुन्हा पहिल्यासारखा झाला होता.

लगेच जू चढलं. वरची माती कडक झाली होती, पण खाली अजून ओल होती, आणि फाळ धरत होता. या खेपेला जावईबापूच्या उजव्या कुशीला घाईबाईला कुणी जाऊच दिलं नाही. एक तास खांब चालला, एक तास किरकिऱ्या. पुढच्या दिवशी संपलं, आणि पेरणी दोन्ही रानांत बरोबर झाली. चराच्या आता बुजलेल्या त्या पट्ट्यात घाईबाईनं घेवडा लावला. वेल कुणाच्याही बाजूला गेला तरी चालेल म्हणाली.

नांगरट संपली त्याच संध्याकाळी खांब तेलाची वाटी घेऊन एकटाच पलीकडं गेला आणि त्या मोडक्या पायाच्या बैलापुढं मांडी घालून बसला. पट्टी सैल केली आणि हळूहळू पाय चोळत राहिला. किरकिऱ्या बाजूला येऊन बसला. दोघं काय बोलले? काही नाही. म्हातारी सांगायची, एवढ्या गप्पा तिनं उभ्या जन्मात ऐकल्या नव्हत्या.

रविवारी पाळकांनी विचारलं, "काय बाई, प्रेमाचं कसं झालं?"

"नांगरून झालं," ती म्हणाली. "आता उगवायचं बाकी आहे."

आता माझ्या दातांचं बघायला हवं. दोनातला एक काल संध्याकाळपासून हलायला लागलाय, म्हणून सांगून टाकते. एवढी एकच गोष्ट मी माझ्या पदरची घातली. जावईबापूंनी मान बिन काही हलवली नव्हती. ते झाडाखाली उभ्या उभ्या डुलक्या काढत होते. मान हलवली ती खांबानं. पण त्यानं घरातल्या सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं की हे बाहेर कुणाला सांगायचं नाही. म्हणून इतकी वर्षं ते बैलाच्या नावावर चालत आलं.